फ्लोरेश: गोव्याच्या मिरीची वाट पाहणारं बेट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून ज्यांचा भाग अर्धाच राहिला, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना घेतलेले वळसे मी तसेच ठेवलेत, सांभाळून घ्या.

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. सोळावं शतक आहे. मिरी भरलेलं पोर्तुगीज जहाज गोवा-कोचीनकडून लिस्बनला निघालंय. आफ्रिकेला वळसा घालून वर जायचं, बस. मग हे जहाज आफ्रिकेचा किनारा सोडून पार अटलांटिकच्या मधोमध, जवळपास अमेरिकेच्या अर्ध्या वाटेवर कशाला जातं?

उत्तर वाऱ्यात आहे. विषुववृत्त ओलांडून उत्तरेला आलं की ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे समोरून तोंडावर बसतात. शिडाचं जहाज वाऱ्याशी कुस्ती खेळू शकत नाही. म्हणून पोर्तुगीज खलाशी वाऱ्याला थोडं झुकतं माप द्यायचे. वायव्येकडे सरकत राहायचं, सरकत राहायचं, आणि एका ठरावीक अक्षांशावर पोचलं की पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे वारे पकडून सरळ घरी. या वळणाला ते ‘व्होल्टा दु मार’ म्हणायचे, समुद्राचा वळसा. आणि या वळशाच्या टोकाला, जिथे जहाज घराच्या दिशेने तोंड फिरवतं, तिथे अझोर्स बेटं आहेत. पश्चिमेकडून येताना त्यातली पहिली दोन दिसतात: कोर्वो आणि फ्लोरेश.

म्हणजे बघा, मलबारची मिरी, सिलोनची दालचिनी, गुजरात-कोकणचं कापड हे सगळं सहा-सात महिने समुद्रात काढून युरोपचा जो पहिला तुकडा बघायचं, तो हा. ज्वालामुखीतून वर आलेला, लिस्बनपासून साधारण १९०० किलोमीटर लांबचा, जेमतेम १४० चौरस किलोमीटरचा खडक. आपल्या बृहन्मुंबईच्या एक तृतीयांशाहूनही लहान. आज तिथे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं राहतात.

मी हे बेट चालून पाहिलंय. पायवाटा हाच तिथला खरा रस्ता. नैऋत्येला लाजेदू नावाच्या गावातून एक वाट निघते ती पश्चिम किनारा धरून फाजां ग्रांदेपर्यंत जाते. दोन्ही बाजूंना काळ्या दगडांची गडगे, म्हणजे कोकणात असतात ना, तशीच बिनचुन्याची. आणि त्यावर हायड्रेंजियाच्या निळ्या फुलांचं कुंपण. बेटाचं नावच ‘फुलं’. पण गंमत अशी की नाव पंधराव्या शतकातलं आणि हायड्रेंजिया पुष्कळ नंतर बाहेरून आणून लावलेली. नाव पडलं ते इथल्या रानफुलांवरून.

या वाटेवर ‘रोशा दुश बोर्दोंइश’ नावाचा कडा लागतो. बेसॉल्टचे उभे खांब, एकाला एक चिकटून, जणू कुणी पेन्सिलींचा जुडगा उभा करून ठेवलाय. हे पाहिल्यावर मला पहिलं काय आठवलं असेल? अंधेरीचा गिल्बर्ट हिल! तोच प्रकार. लाव्हा सावकाश थंड होतो, आक्रसतो, त्याला भेगा पडतात आणि षटकोनी खांब तयार होतात. फरक वयाचा. गिल्बर्ट हिल साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा आहे, तर फ्लोरेशवर शेवटचे उद्रेक काही हजार वर्षांपूर्वीच झालेत. दुसरा फरक असा की त्यांच्या खांबांसमोर गुरं चरतात, आपल्या खांबांभोवती इमारती आहेत. असो.

वर डोंगरमाथ्यावर ज्वालामुखीच्या मुखांमध्ये पाणी साचून झालेली सात तळी आहेत. त्यातली नेग्रा आणि कोंप्रिदा ही दोन अगदी शेजारी शेजारी, मध्ये एक अरुंद धार. एक काळपट आणि खूप खोल, दुसरं हिरवट. ढग इतके खाली असतात की तुम्ही तासभर चढून जावं आणि वर फक्त पांढरा पडदा दिसावा. मग दहा मिनिटांत सगळं लख्ख. खाली फाजांझिन्या आणि फाजां ग्रांदे या गावांच्या मध्ये कड्यावरून एकाच वेळी कितीतरी धबधबे उतरतात आणि पायथ्याशी एका डोहात जमतात. ‘फाजां’ म्हणजे कड्याच्या पायथ्याशी, दरड कोसळून किंवा लाव्हा समुद्रात उतरून तयार झालेली सपाट पट्टी. बेटावर सपाट जमीन मिळते ती अशीच, त्यामुळे गावंही तिथेच.

सांताक्रुझ या गावात समुद्राकाठी काळ्या लाव्हाच्या खडकांत नैसर्गिक कुंडं आहेत. भरतीचं पाणी आत येतं, खडक लाटांचा जोर मोडतात, आत पोरं निवांत पोहतात. त्या कुंडात उतरून समोर पाहिलं तर क्षितिजावर कोर्वो दिसतं, सिंहगडासारखं चपटं डोकं असलेलं. मधली ती सामुद्रधुनी, पंधरा-वीस किलोमीटरची, निळी आणि शांत. तिच्या आसपासच्या पाण्यात जे झालं त्याचे धागे थेट सुरतेपर्यंत आणि मुंबईपर्यंत येतात. आता तिकडे वळू.

आधी एक छोटी पार्श्वभूमी. १५८० साली पोर्तुगालची गादी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेली. त्याचं आणि इंग्लंडच्या एलिझाबेथचं वैर. त्यामुळे गोव्याहून येणारं पोर्तुगीज जहाज हे इंग्रजांच्या लेखी आपोआप शत्रूचं जहाज झालं. मग शत्रूचं जहाज गाठायचं कुठे? हिंदी महासागर लांब, लिस्बनच्या तोंडाशी पहारा कडक. तर जिथे प्रत्येक जहाजाला यावंच लागतं, जिथे खलाशी थकलेले, आजारी, पाणी संपत आलेलं, तिथे. इंग्रज उन्हाळ्यात फ्लोरेशच्या आसपास घिरट्या घालू लागले. आपल्याकडे घाटात दबा धरून बसतात ना, तसं. फक्त हा घाट समुद्रातला.

आता यात एक माणूस येतो ज्याच्यावर खरं तर वेगळा भाग व्हायला हवा: यान हुइखेन व्हान लिन्स्कोटेन. डच पोरगा. १५८३ साली, विशी ओलांडायच्या आत-बाहेर, गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून गोव्यात आला. पाच वर्षं राहिला. काय केलं? डोळे उघडे ठेवले आणि लिहून काढलं. गोव्याचा बाजार, गुलामांची विक्री, आंबा, फणस, माड, कुठल्या बंदरात काय मिळतं, कुठला वारा कधी सुटतो, सगळं. आपलं चौलसुद्धा त्यात आहे, तिथल्या रेशमी विणकामासकट. पोर्तुगीज हे समुद्री ज्ञान तिजोरीत जपत होते, आणि त्यांच्याच आर्चबिशपच्या कचेरीत बसून हा ते टिपत होता!

१५८९ च्या सुरुवातीला तो परत निघाला. जुलैत फ्लोरेश आणि कोर्वो दिसली, आणि जमीन दिसल्याचा आनंद पुरता होतोय न होतोय तोच इंग्रज जहाजं अंगावर आली. जीव वाचला. तेर्सैरा या अझोर्समधल्याच बेटावर ते पोचले, आणि तिथे मलाक्काहून आलेलं एक मिरीचं जहाज बुडालं. त्यातला माल वर काढण्याच्या कामात तो गुंतला आणि दोन वर्षांहून जास्त त्याच बेटांवर अडकून पडला. मला इथे इतिहासाची थट्टा दिसते. हा माणूस वेळेत घरी पोचला असता तर पुढची दोन प्रकरणं त्याने इतक्या जवळून ऐकली नसती.

पहिलं प्रकरण १५९१ चं. लॉर्ड थॉमस हॉवर्डचा इंग्रज ताफा फ्लोरेशला नांगर टाकून होता. अमेरिकेची चांदी घेऊन येणाऱ्या स्पॅनिश जहाजांवर डोळा. निम्मे खलाशी आजारी, बरेचसे पाणी भरायला बेटावर उतरलेले. आणि पन्नासहून जास्त जहाजांचा स्पॅनिश ताफा अचानक समोर! बाकीचे इंग्रज निसटले. ‘रिव्हेंज’ नावाचं एकटं जहाज, कप्तान रिचर्ड ग्रेनव्हिल, मागे राहिलं आणि रात्रभर, सुमारे पंधरा तास लढलं. ग्रेनव्हिल जखमांनी मेला, जहाज शत्रूच्या हाती पडलं आणि थोड्याच दिवसांत वादळात बुडालं, सोबत स्पॅनिशांची कितीतरी जहाजं घेऊन. इंग्रजीत यावर टेनिसनची प्रसिद्ध कविता आहे, तिकडच्या पोरांना ती पाठ असायची. शौर्य होतंच, नाही म्हणत नाही. पण माझ्या मते फ्लोरेशची खरी मोठी घटना ही नाही. ती पुढच्या वर्षी घडली, आणि तिच्यावर अशी कविता नाही, कारण ती लुटीची आहे.

१५९२. इंग्रजांची खाजगी मोहीम. वॉल्टर रॅलेचा पैसा, राणीचा हिस्सा, लंडनच्या व्यापाऱ्यांची गुंतवणूक, अर्ल ऑफ कंबरलँडची जहाजं. आजच्या भाषेत स्टार्टअपच म्हणा, फक्त बिझनेस मॉडेल दरोड्याचं. प्रत्यक्ष समुद्रावर प्रमुख होता सर जॉन बरो. हे लोक फ्लोरेशपाशी येऊन थांबले. सांताक्रुझच्या गावकऱ्यांशी बोलणं झालं. तेवढ्यात भारतातून येणारं ‘सांताक्रुझ’ नावाचंच एक मोठं जहाज समोर आलं. पाठलाग झाला. पोर्तुगीजांनी काय करावं? जहाज फ्लोरेशच्या किनाऱ्याला लावलं, जमेल तेवढा माल उतरवला आणि उरलेल्याला स्वतःच आग लावून दिली, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. विचार करा, सहा महिने जिवापाड सांभाळलेला माल, आणि शेवटी आपल्याच हाताने काडी.

इंग्रज किनाऱ्यावर उतरले. जहाजाचा हिशेबनीस त्यांच्या हाती लागला. छळाची धमकी दिल्यावर त्याने सांगून टाकलं: मागून आणखी जहाजं येतायत.

इंग्रजांनी मग फ्लोरेशच्या पश्चिमेला आपली जहाजं एकमेकांपासून अंतर ठेवून उत्तर-दक्षिण रांगेत पसरली, मासेमारीचं जाळं टाकावं तशी. आणि ऑगस्टमध्ये त्या जाळ्यात आलं ‘मादरे द देउश’. देवाची आई.

या जहाजाचा आकार सांगतो. लांबी १६५ फूट, सात मजले, वजनक्षमता सुमारे १६०० टन. त्या काळच्या इंग्लंडमध्ये एवढं जहाज कुणी पाहिलेलंच नव्हतं. वर सहा-सातशे माणसं. पोर्तुगीजांच्या बोलीत अशा जहाजाला ‘नाउ’ म्हणतात. आपल्या ‘नाव’चं हे लांबचं भावंडं, संस्कृत आणि लॅटिनच्या एकाच मुळातून आलेलं. लढाई दिवसभर चालून रात्रीत गेली. शेवटी एक इंग्रज जहाज सरळ त्याच्या अंगावर जाऊन अडकलं, त्याला पुढे जाऊ देईना. मग बाकीचे चढले. कप्तान फर्नांडो द मेंडोन्सा शरण आला. फिलिपचं जे आरमार या जहाजांना संरक्षण द्यायला येणार होतं, ते वेळेवर पोचलंच नाही.

आत काय होतं? मिरी ४२५ टन. लवंग ४५ टन. दालचिनी ३५ टन. जायफळ, जायपत्री, ऊद, कस्तुरी, शिसवी पलंग, चिनी मातीची भांडी, गालिचे, हिरे-मोती, आणि सुती कापडाचे ढीग, तलम मलमलीपासून जाड्याभरड्यापर्यंत. या यादीत टन आहेत, गठ्ठे आहेत. मिरी तोडणाऱ्यांची, कापड विणणाऱ्यांची किंवा जहाजाच्या पोटात राबणाऱ्या गुलामांची नावं मात्र शोधून सापडत नाहीत. जुन्या दस्तऐवजांचं हे दुखणं आपण अनेक भागांत पाहिलंय.

बरोने दिलदारपणा दाखवून कप्तानाला आणि त्याच्या लोकांना एका जहाजातून सोडून दिलं. पण ते बिचारे पुढे गेले तर दुसऱ्या इंग्रज जहाजाने त्यांना गाठलं आणि झडती घेतली. अंगावर लपवलेले नऊशे हिरे निघाले! एकदा लुटल्यावरही नऊशे. म्हणजे मूळ माल किती असेल?

सप्टेंबरात हा डोंगर डार्टमथ बंदरात शिरला आणि गावात अक्षरशः जत्रा भरली. खलाशांनी खिशात, बुटात भरून आणलेलं सामान मिळेल त्या भावाने विकायला काढलं. लंडनचे सराफ घोडे दौडवत आले. राणीने रॉबर्ट सेसिलला लूट थांबवायला पाठवलं. त्याने वाटेतून कळवलं की एक्सेटरच्या रस्त्यावर भेटणाऱ्या माणसांच्या झोळ्यांचा वासच येतोय, कस्तुरी आणि अंबरचा. कोण चोर ते नाकानेच कळतंय. शेवटी टॉवरमध्ये कैदेत असलेल्या रॅलेला बाहेर काढून पाठवावं लागलं, कारण खलाशी त्याचंच ऐकत. एकूण माल पाच लाख पौंडांचा होता असा अंदाज केला जातो. हाती लागला तो सुमारे १,४०,००० पौंडांचा. त्यात राणीने सिंहाचा वाटा घेतला आणि रॅले हिशेब करत बसला.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मिरी नाही. जहाजात कागद होते. पूर्वेकडच्या पोर्तुगीज कारभाराची आणि व्यापाराची तपशीलवार नोंदवही. आणि देवदाराच्या पेटीत, तलम कापडात रत्नासारखं गुंडाळून ठेवलेलं, १५९० मध्ये मकावला छापलेलं एक लॅटिन पुस्तक, ज्यात चीनची माहिती होती. इंग्रजांना तोपर्यंत पूर्वेच्या श्रीमंतीच्या गोष्टी ऐकून माहीत होत्या. आता ती श्रीमंती मोजून, तोलून, वास घेऊन बंदरात उभी होती, वर कारभार कसा चालतो त्याचं पुस्तकही हातात. त्याच वर्षी आपला लिन्स्कोटेन घरी पोचला. १५९६ ला त्याचं ‘इटिनेरारियो’ डचमध्ये आलं, १५९८ ला इंग्रजीत. १६०० च्या शेवटच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. १६०२ ला डच कंपनी. १६०८ ला कंपनीचं ‘हेक्टर’ जहाज सुरतेला लागलं. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली.

आता एका जहाजामुळे इंग्रज भारतात आले असं कुणी रीलमध्ये सांगितलं तर लगेच शेअर करू नका. व्यापारी आधीपासून धडपडत होतेच. लेव्हांटचा व्यापार, डचांशी स्पर्धा, मिरीचे चढे भाव ही कारणं मोठी आहेत. पण भांडवल घालणाऱ्या माणसाला भरवसा लागतो, आणि डार्टमथच्या धक्क्यावर तो भरवसा सात मजली उभा होता. एवढं मी नक्की म्हणेन.

या सगळ्यात फ्लोरेशच्या माणसांचं काय? त्यांना विचारतंय कोण! १५१० च्या सुमारास कायमची वस्ती झालेलं हे बेट. गहू, गुरं, लोकर. १५८७ मध्ये लाजेश हे त्यांचं गाव इंग्रजांनी लुटलं होतं. इंग्रजांना पाणी दिलं तर राजा रागावणार, नाही दिलं तर इंग्रज तोफ डागणार. शेजारच्या कोर्वोवर १६३२ मध्ये उत्तर आफ्रिकेचे चाचे आले, तेव्हा गावकऱ्यांनी कड्यावरून दगड लोटून त्यांना परतवलं अशी तिथली परंपरा सांगते. जगाच्या हमरस्त्यावर घर असण्याची ही किंमत. मोठी गलबतं समोरून जायची, त्यातलं यांच्या ताटात काही पडायचं नाही, वादळात फुटलं तरच.

आणि हमरस्ता बदलला तेव्हा? एकोणिसाव्या शतकात अमेरिकन व्हेल-शिकारी जहाजं इथे थांबून तरणी पोरं खलाशी म्हणून उचलायची. पोरं गेली ती मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्नियाकडेच राहिली. मग भाऊ गेले, मग कुटुंबं. लाजेदू–फाजां ग्रांदेच्या ज्या वाटेचं मी मघाशी बोललो, तिच्यावर कुआदा नावाचं गाव लागतं. १९६० च्या दशकात ते पूर्ण ओस पडलं. शेवटची घरंही अमेरिकेला गेली. पुढे एका कुटुंबाने ती काळ्या दगडाची घरं एकेक करून डागडुजी केली आणि आता तिथे पाहुणे राहतात. प्रत्येक घराला तिथे पूर्वी राहणाऱ्या माणसाचं नाव आहे. गावात गाडी जात नाही, दगडी पाखाडीवरून सामान हाताने न्यायचं. कोकणातल्या कुलूपबंद घरांमधून फिरलेल्यांना ती वाट ओळखीची वाटेल. कुलपावरून आठवलं, तिकडे चावीला ‘शाव्ह’ म्हणतात. पावाला ‘पांव’, बटाट्याला ‘बटाटा’. दुकानात मला हातवारे करावे लागले नाहीत.

जायचं असेल त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. विमान अझोर्सच्या मोठ्या बेटांवरून सांताक्रुझला उतरतं, गावाला अगदी चिकटूनच. आणि ढगांमुळे ते रद्द होऊ शकतं, तेव्हा परतीच्या तिकिटात एक-दोन दिवस मोकळे ठेवा. उन्हाळ्यात कोर्वोला छोटी बोट जाते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये लोरेन्झो वादळाने लाजेशचं बंदर मोडून टाकलं होतं, तेव्हा या बेटाचा पुरवठाच अडचणीत आला होता. त्यांचं सिमेंट, धान्य, इंधन आजही जहाजानेच येतं, आणि ते जहाज आलं का हे बघायला लोक आजही खिडकीतून समुद्राकडे नजर टाकतात.

लिन्स्कोटेनच्या गोव्यावर स्वतंत्र भाग करायचा का, ते कमेंटमध्ये सांगा. त्यात चौलही घेऊ. भेटू पुढच्या भागात.